एका हाकेतली घरं

भाकरीचा काठ किती आणि पोट किती, याचा अंदाज घेऊन मगच पहिला घास मोडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे सर. महाडच्या आमच्या कॉलेजात ते वरच्या वर्गांना गणित शिकवत आणि मी अकरावी-बारावीला भूगोल. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. माझ्या डब्याचं आणि डोक्याचं पुढं काय होणार, हे त्या खुर्च्या मांडणाऱ्यानंच ठरवून टाकलं होतं. मी डबा उघडला की सर वाकून बघत.

"छोट्या छोट्या दोन? नुसता काठच काठ आहे हो. वहिनींना सांगा, उद्या एकच मोठी थापा."

"सर, मोठी भाकरी डब्यात मावत नाही."

"मग डबा बदला. भाकरीवर का अन्याय?"

आणि एवढं बोलून दोन्हीतली एक उचलत. काठ आधी कुरतडून संपवायचा आणि पोट शेवटी खायचं, अशी त्यांची पद्धत.

अंगानं किडकिडीत, शर्ट एकाच बाजूनं खोचलेला, हातात बाराही महिने छत्री. ती पावसासाठी नव्हेच. डोंगराकडे बोट दाखवायला बोट पुरत नाही म्हणून छत्री. पावसात मात्र हमखास विसरून यायचे आणि भिजत वर्गावर जायचे. पण खरी गंमत चष्म्याची. सगळी दुनिया नीट बघायचं म्हटलं की चष्मा लावते. हे गृहस्थ नीट बघायचं म्हटलं की चष्मा काढायचे. बाजारपेठेत समोरासमोर आलात तर ओळख नाही. तेच तुम्ही पुलाच्या पलीकडच्या टोकाला असा, चष्मा काढून म्हणणार, "तो बघा तुमचा बारावीचा पोरगा, डावा पाय ओढत चाललाय." आणि तो असायचा, हो! मी चिडून एकदा विचारलं, "सर, हा काय प्रकार आहे?" तर म्हणाले, "चष्मा लावला की नको ते सगळं दिसतं."

त्यांचा विषय नेमका काय, हे कॉलेजात कुणालाच ठाऊक नव्हतं. मुंबईच्या कुठल्याशा मोठ्या संस्थेत ते या विषयात बरंच काही करून आले होते एवढंच ऐकून होतो. एकदा चहाच्या टपरीवर मी सरळच विचारलं. सरांनी कप खाली ठेवला.

"लांबून बघण्याचं गणित. एखादी जागा घ्यायची. गाव घ्या, रान घ्या, ठिपक्यांची जाळी घ्या, काहीही. आणि मग मागे सरायचं. इतकं मागे, की बारीकसारीक खड्डे-उंचवटे पुसून जातील. उरेल तो त्या जागेचा खरा आकार. दोन जागा लांबून सारख्या दिसल्या की आमच्या लेखी त्या सारख्याच."

"म्हणजे दुरून डोंगर साजरे."

अहो, काय सांगू! भर टपरीवर त्या माणसानं मला मिठी मारली. माझा चहा माझ्याच पँटवर. "हेच! हेच सांगायला आम्हाला चाळीस पानं लागतात!" त्या दिवसापासून मी त्यांचा मित्र झालो. पँटचा डाग काही गेला नाही.

मग काय, रविवार आला की माझी स्कूटर आणि मागे सर. एकदा पोलादपूरजवळच्या कापडे गावाकडे गेलो होतो. भाताची लावणी झालेली, खाचरं पाण्यानं भरलेली. सरांनी स्कूटर थांबवायला लावली आणि बांधावर उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, बांधाची मेहनत कुठल्या खाचराला जास्त? मोठ्या की लहान?"

"खाचर मोठं तर बांधाला हात कमी लागतो. येवढ्याश्या खाचराला निस्तं बांधच घालीत बसायचं. हे काय इचारनं झालं?" म्हातारा माझ्याकडे वळला. "ह्ये कुठं मास्तर हायत?"

सर मात्र खूश. परतीच्या वाटेवर माझ्या कानाशी ओरडून ओरडून सांगत होते. वारा असल्यामुळे निम्मं ऐकू आलं, पण समजलं ते असं. सपाट माळावर सगळीकडे माणसं उभी आहेत असं धरा आणि त्यातला तुकडा मोठा मोठा करत गेलात, की कडेवरची माणसं आतल्यांच्या मानानं कमी कमी होत जातात. पाहिजे तितकी कमी करता येतात. ज्या जागांत असे तुकडे सापडतात, त्या जागा गरीब स्वभावाच्या, सांभाळून घेणाऱ्या. पण सगळ्या जागा तशा नसतात. फांदीला फांदी फुटत गेलेलं, कधीच न संपणारं झाड घ्या. त्याचा कितीही मोठा तुकडा तोडा, निम्म्याहून जास्त मंडळी कडेलाच.

"आणि अशा झाडावर, बरं का, चमत्कार होतो!" सर ओरडले, आणि मी खड्ड्यात गेलो.

तो चमत्कार त्यांनी दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या मैदानात करून दाखवला. एकतीस पोरं उभी केली. पुढं एक, त्याच्या मागे दोन, त्या दोघांच्या मागे चार, मग आठ, मग सोळा. प्रत्येकाच्या हातात एक एक लिमलेटची गोळी. "आता प्रत्येकानं आपली गोळी पुढच्याला द्यायची. आणि मागचे दोघे देतील त्या घ्यायच्या." झालं. सगळ्यात पुढच्यानं आपली गोळी सरांना दिली, ती त्यांनी तोंडात टाकली. पुढच्या पंधरा पोरांच्या हातात आता दोन दोन गोळ्या. टाळ्या!

"बघा! प्रत्येकानं एक दिली, दोन मिळाल्या. प्रत्येकाचा फायदा. तोटा कुणाचाच नाही!"

मागून एक पोरगी म्हणाली, "सर, आमच्या हातात काहीच नाय."

शेवटची सोळा पोरं रिकाम्या हातानं उभी होती. सरांनी चष्मा काढला, त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही नाहीच आहात. खरं झाड संपतच नाही, त्याला शेवटची रांग नसते. म्हणून तर चमत्कार होतो."

"पन सर, आम्ही हाव ना!"

त्या सोळा जणांनी जी तोंडं फुगवली, ती दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सरांनी गोळ्यांची अख्खी बरणीच आणून त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "तुमची तक्रार बरोबर आहे." प्राचार्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी मला बोलावून झाडलं. मला! कारण सरांना बोलून उपयोग नसतो हे तोवर सगळ्या कॉलेजला समजलं होतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती सांगताना माझी मान अजून खाली जाते, पण सांगतो.

माझं गाव म्हणजे पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात असलेली एक वाडी. सव्वीस घरं. डोंगराच्या तीन सोंडा खाली उतरतात, त्या सोंडांवर घरं अशी विखुरलेली, की एकाच्या अंगणातून दुसऱ्याचं अंगण दिसतं पण जायचं तर ओढा उतरून परत चढा. माझी आई तिथं एकटी राहायची. वडील गेलेले, मी महाडला, भाऊ मुंबईला. तिची एक गाय, चार कोंबड्या आणि आवाज. आईचा आवाज म्हणजे तीन सोंडा ओलांडणारा. लहानपणी मी कुठल्याही झाडावर असलो तरी जेवायची हाक कानात यायचीच.

महाडजवळच्या तळीये गावावर दरड कोसळली आणि मग आजूबाजूच्या सगळ्या वाड्यांवर साहेबलोक येऊन जमीन तपासून गेले. आमची वाडी धोक्याच्या यादीत आली. खाली रस्त्यालगत नवी घरं बांधली, पावसाळ्याच्या आत सगळ्यांनी उतरायचं असं ठरलं. एक एक घर कबूल होत गेलं. आई सोडून. तिला उतरवण्यासाठी आम्ही काय काय थापा मारल्या, देव जाणे. तलाठी म्हणाले, "फक्त पावसापुरतं." भाऊ फोनवर म्हणाला, "तिकडं टीव्ही पण हाय." मी म्हटलं, "आठ दिवस राहून बघ, नाही आवडलं तर परत ये." आई सगळं ऐकून घेतल्यासारखं करायची आणि गायीला पाणी दाखवायला निघून जायची. शेवटी एकदा म्हणाली, "शिमग्याला देव अंगनात येईल. त्येला इचारीन. तो म्हनला तर उतरीन."

मला हायसं वाटलं. आमच्याकडे पालखी खांद्यावर असताना देवाला प्रश्न विचारतात. पालखी उजवीकडे झुकली तर हो, डावीकडे झुकली तर नाही. चार समजूतदार खांदेकरी गाठले की काम फत्ते, असा माझा हिशेब होता. आता हसू येतं.

पण पालखीचंच त्रांगडं झालं होतं. पूर्वी देव चार दिवस घरोघर हिंडायचा. आता खांदा द्यायला पोरं कुठं आहेत वाडीत? सगळी मुंबईला. चाकरमान्यांना सुट्टी दोन दिवसांची. मुंबईकर मंडळाचा सेक्रेटरी रमेश याचं म्हणणं, "येका दिवसात राउंड मारा, नायतर आमी येतच नाय." आमचे गुरव धोंडूमामा म्हणाले, "देव काय रिक्षा हाय का, राउंड मारायला?" पार हातघाईवर आलं. मी मूर्खासारखा ही हकीकत स्टाफरूममध्ये सांगितली. सरांनी माझी भाकरी खाली ठेवली. हे पूर्वी कधी घडलं नव्हतं.

"तुमच्याकडे वाडीचा नकाशा आहे?"

मी भूगोलवाला. नकाशा नसेल कसा? माझ्याच हातानं काढलेला, प्रत्येक घर, प्रत्येक वाट, ओढे, सगळं. सरांनी तो भिंतीला टेकवला, दहा पावलं मागे गेले आणि चष्मा काढला.

"यात सव्वीस घरं नाहीत."

"अहो, मोजून काढलीयत."

"जवळून सव्वीस. तुमच्या वाडीत लोक एकमेकांना कसे बोलावतात?"

"हाक मारतात."

"मग झालं! एका हाकेत जी घरं येतात ती सगळी मिळून एक घर. एक ठिपका. पालखी ठिपक्यावर थांबेल, तिथून हाक मारायची, आसपासची माणसं ओटी घेऊन येतील. कोणीही हाकेच्या बाहेर राहायला नको, एवढंच बघायचं." छत्रीनं त्यांनी नकाशावर टिचक्या मारल्या. "सात ठिपके पुरतात."

गावकीच्या बैठकीत हे मांडायला सर स्वतः वर आले. सगळ्यांना कल्पना पसंत पडली. लगेच पुढचं भांडण सुरू. ठिपका कुणाच्या अंगणात? सर म्हणाले, "कुणाच्याही असू द्या. लांबून काही फरक पडत नाही."

धोंडूमामा म्हणाले, "सर, लांबून नाय पडत. जवलून डोकी फुटतात."

शेवटी तोडगा निघाला की ठिपका कुणाच्याच अंगणात नको. फणसाखाली, विहिरीवर, शाळेच्या ओट्यावर, पाण्याच्या टाकीपाशी, असे. आणि मग सरांनी दोन दिवस घालवून मोजणी केली. स्वतः ठिपक्यावर उभे राहायचे, घराघरातून हाक मारायला सांगायचे, आणि ऐकू आली की वहीत टिंब. शेवटच्या सोंडेच्या फणसाखाली उभे राहिले तेव्हा पलीकडच्या टोकावरून आईनं आपणहूनच आवाज दिला, "कोऽऽन हाय रे तो फनसाखाली? काय चोरतोस?" सरांनी आनंदानं टिंब दिलं. मी शेजारीच उभा होतो. मीच म्हणालो, "आईचं काही बघायलाच नको."

पालखीच्या दिवशी माझी बारावीच्या परीक्षेवर ड्यूटी. संध्याकाळी पाचच्या सुमाराला वाडीवर पोचलो. पालखी सात ठिकाणी नाचून देवळात जाऊन बसलेली. सगळे खूश. मी घरी गेलो. अंगण सारवलेलं, रांगोळी घातलेली, तिच्यावर एक पाऊल उमटलेलं नाही. आई उंबऱ्यात बसलेली. मांडीवर ताट, ताटात नारळ, तांदूळ, खण. सकाळपासून तशीच बसली होती.

"देव आला नाय," आई म्हणाली.

"अगं, फणसाखाली आला होता. तुला हाक मारली असेल ना?"

"मी उतरत नाय म्हनून टाकली मला. सगल्यांनी मिलून."

"आई, हाक मारली नव्हती का कुणी?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. माझ्या ओठांकडे. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तिला ऐकू येत नव्हतं. ठिपक्यांचा बेतही तिच्या कानी पडला नसणार. फणसाखालून दहा-बारा माणसं घसा फोडून ओरडली होती, नंतर मला कळलं. ही येत नाही म्हणजे रुसली असेल, असं म्हणून पुढं गेली. आईचा आवाज तिकडं जात होता. तिकडचा इकडं येत नव्हता. कधीपासून, कोण जाणे. मी दर रविवारी फोन करायचो. ती बोलायची आणि बोलून झालं की ठेवून द्यायची. मला वाटायचं, आईची सवयच आहे तशी. लाज वाटली हो मला. पोटचा पोर, आणि मला हे एका नकाशामुळे कळावं!

एवढी लाज वाटली की मी काय केलं? जे सगळे करतात तेच. दुसऱ्याच्या नावानं खडे फोडले. देवळासमोर सर रमेशशी गप्पा मारत बसले होते, तिथं जाऊन सगळ्यांसमोर त्यांना वाट्टेल ते बोललो. तुमची हाक, तुमचे ठिपके, तुमचं लांबून बघणं, माझी म्हातारी दिवसभर उंबऱ्यात बसून आहे, आता ती कधीच उतरायची नाही, पावसात काही झालं तर जबाबदार कोण? सरांनी सगळं ऐकलं. चष्मा लावला. मग म्हणाले, "इथून तिथं जेवढं, तेवढंच तिथून इथं. अंतराचा अगदी पहिला नियम. मी तो धरून चाललो, तपासला नाही. एफवायचा पोरगासुद्धा ही चूक करणार नाही."

त्यांनी एका शब्दानं म्हटलं नाही की नकाशा तुमचा होता, आई तुमची होती आणि शेजारी तुम्हीच उभे होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या विनंतीवरून गावकी बसली. धोंडूमामांनी एका वाक्यात निकाल दिला, "पालखी देवलात बसली की वरसाची बसली."

"पण फेरी पूर्ण कुठे झालीय?" सर म्हणाले. "एक घर राहिलंय. फेरी पूर्ण नाही म्हणजे पालखी बसलेली नाही. टेकलीय फक्त."

गावकी विचारात पडली. धोंडूमामा मिशी कुरवाळायला लागले. एवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "मंग आमच्या तरी अंगनात कुठं आली?" दुसरी म्हणाली, "टाकीपाशी ओटी भरायची व्हय गो? शेजारी कपडं वालत घातल्यालं!" आणि जी सुरुवात झाली! सव्वीसच्या सव्वीस घरं नाराज होती. आदल्या दिवशी खूश दिसत होती ती एकमेकांना दाखवायला. रमेश म्हणाला, "अरे, माझी ड्यूटी हाय उद्या!" त्याच्या आईनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्यानं बाजूला जाऊन साहेबाला फोन केला आणि ताप आल्याचं सांगितलं. मग सगळ्याच चाकरमान्यांना तो ताप आला.

धोंडूमामांनी दंड ठरवला. "ज्यानं नकाशा काढला त्यानं खांदा द्यायचा. आखरीपत्तोर."

मी पुढं झालो, कारण नकाशा मी काढला होता. सरांनी मला मागे सारलं. "यांचा नकाशा बरोबर होता, त्यात सव्वीस घरं होती. खोडली मी."

तीन दिवस! अहो, ढोल वाजला की सगळ्यांचा उजवा पाय पुढं, सरांचा डावा. पालखीचा दांडा खांद्यावर, छत्री कमरेला, शर्ट दोन्ही बाजूंनी बाहेर. चढाला धापा टाकायचे, उताराला आरडाओरडा करायचे. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि त्यांच्या पायांवर पाणी घालताना जरा जास्तच घालायच्या. प्रत्येक अंगणात नारळ, गूळ, थंडगार ताक. संध्याकाळी सर ओट्यावर आडवे पडून खांद्याला तेल चोळून घेत म्हणायचे, "सव्वीस म्हणजे फार असतात हो."

तिसऱ्या दिवशी दुपारी पालखी आमच्या अंगणात आली. शेवटचं घर. सगळी वाडी मागून आली होती, कारण आई काय विचारणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. आईनं ओटी भरली. हात जोडले. धोंडूमामांनी तिच्या वतीनं मोठ्यानं विचारलं, "देवा, ही लेक तुझी, खाली उतरू का म्हनते. हो तर उजवी दे, नाय तर डावी दे."

ढोल थांबला. उजवीकडे सरांच्या जोडीला असलेल्या खांदेकऱ्याला मी सकाळीच गाठून ठेवलं होतं, त्याच्याकडे मी डोळ्यानं खूण करणार, तेवढ्यात पालखी उजवीकडे जी कलंडली ती चांगली हातभर! "उजवी दिलीऽऽ!" धोंडूमामा ओरडले. ढोल वाजले. मी सुटलो म्हणून डोळे मिटले.

"थांबा," आई म्हणाली. तिचा आवाज तसाच होता, तीन सोंडांचा. ढोल गप्प झाले. "देवानं नाय दिली. त्या मास्तराचा पाय घसारला. मी बघितला."

सगळे सरांकडे बघायला लागले. मी मनात म्हटलं, सर, एवढं एकदा खोटं बोला. आयुष्यात एकदा. मान हलवा नुसती.

सरांनी दांडा दुसऱ्याच्या खांद्यावर दिला. आईच्या जवळ गेले, वाकले आणि तिच्या कानाशी ओरडले, "हो आजी! घसरला! शेणावरून!"

गळा धरावा असं वाटलं मला त्यांचा. आई मात्र त्यांना खालपासून वरपर्यंत बघत होती.

"तूच तो, फनसाखाली उभा होतास?"

"हो! तेव्हाही चूक माझीच!"

"खाली गेल्यावर परत येता येईल का इथं?"

तलाठी, भाऊ, मी, सगळ्यांनी या प्रश्नाला वर्षभर गोड गोड उत्तरं दिली होती.

"नाही!" सर ओरडले. "परत राहायला नाही येता येणार!"

"आनि दरड येनार? नक्की?"

"नक्की नाही सांगता येत! येईल किंवा नाही येणार! पण आली तर हाक मारायलाही वेळ मिळणार नाही!"

"येवढं गनित शिकून तुला सांगता येत नाय?"

"नाही येत, आजी!"

कोंबड्या रांगोळीवरून चालत गेल्या, तरी त्यांना कुणी हाकललं नाही. मग आई पालखीजवळ गेली, दांड्याला हात लावला आणि देवाला म्हणाली, "चल. मी येते, तू बी खाली ये. हितं येकटा ऱ्हाऊ नको." धोंडूमामांनी पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले आणि उगाच कुणावर तरी खेकसले.

आई आत गेली. आता सामान आवरायला तास-दोन तास लागणार, म्हणून पोरं ओट्यावर टेकली. पण ती लगेचच बाहेर आली. हातात बोचकं होतं. त्याची गाठ जुनी, आवळून बसलेली, वरच्या फडक्यावर धूळ धरलेली. होळीच्या किती आधी ते बांधून ठेवलं होतं, देव जाणे. खरं सांगणाऱ्या एका माणसाची ती वाट बघत होती, एवढंच. आणि तो मी नव्हतो.

मी हात पुढं केला. आईनं माझ्याकडे बघितलं, पुढं गेली आणि बोचकं सरांच्या हातात दिलं.